मास्तरांचा ट्रम्पेट माझ्या पातेल्यात होता

नाव: मदत केंद्रातल्या ताई (वस्तीत याच नावाने ओळख; पूर्ण नाव ओळखपत्रावरून वहीत घेतले). वय: ४७ वर्षे. व्यवसाय: सामाजिक कार्यकर्त्या, एकोणीस वर्षे. राहणार: बेकरीच्या वर, दुसरा मजला.

मी वरीलप्रमाणे राहणारी असून आज गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता आपण होऊन ठाण्यात हजर झाले. हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की, काल बुधवारी नोंदवलेल्या ट्रम्पेटच्या चोरीत चोर कोणी नाही. असलाच तर मी आहे. सदर ट्रम्पेट मी पिशवीतून आणला आहे. बाहेर बाकावर बसवलेल्या किल्लीवाल्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्याला आधी चहा द्यावा आणि मग सोडावे.

सोडायचे की नाही ते मोठे साहेब ठरवतील, तुम्ही क्रमाने सांगा, असे हवालदारसाहेब म्हणाले. क्रमाने सांगते.

मास्तर (वय ७१, व्यवसाय: निवृत्त) पूर्वी बँडचे मास्तर होते. ते रंगाच्या दुकानामागच्या खोलीत एकटे राहतात. खोलीचे भाडे आमचे केंद्र भरते. दर सहा महिन्यांनी तपासनीस येऊन खोली बघतात आणि मगच पुढची मदत मंजूर होते. मदत घेणाऱ्याच्या घरात विकण्याजोगी चैनीची वस्तू असता कामा नये, असा नियम आहे. मास्तरांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, दोन खुर्च्या आणि भिंतीवर खिळ्याला ट्रम्पेट. तो मास्तर रोज पुसतात. एवढा चकचकीत की त्यात बघून मी एकदा टिकली नीट केली आहे.

मदत बंद झाली तर मास्तरांना धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आक्कांकडे, जावे लागेल. आक्का मायाळू आहेत, पण त्यांच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसे. मास्तर मला म्हणाले होते, "ताई, तिथे पोटभर जेवायला मिळेल हो, पण फुंकायला मिळणार नाही." हे ऐकून मला फार वाईट वाटले. ते जबाबात लिहायचे नसेल तर लिहू नये.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी मास्तरांच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "उद्या तपासनीस येणार. हा ट्रम्पेट दोन दिवस माझ्याकडे राहू द्या. कोणाला बोलू नका." मास्तर म्हणाले, "ताई, तुमची नोकरी जाईल." मी म्हणाले, "माझं मी बघते." त्यांनी तो स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून दिला. माझ्या वरिष्ठ मॅडमना मी विचारले नाही. विचारले असते तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होते म्हणूनच विचारले नाही.

ट्रम्पेट मी घरी मोठ्या पातेल्यात ठेवून वर झाकण घातले. संध्याकाळी आमच्या ह्यांनी झाकण उघडले आणि विचारले, "आज हे शिजवणार आहेस?" मी म्हणाले, "तोंड मिटा आणि झाकण लावा." त्यांनी दोन्ही केले. त्यांना यात ओढू नये.

मंगळवारी दुपारी तीन वाजता तपासनीस आले, रिकामा खिळा बघून गेले, मदत मंजूर झाली. मी मनात उड्या मारल्या. त्याच संध्याकाळी आक्का भावाची खोली झाडायला आल्या. मास्तर नळावर गेले होते. किल्लीवाला खोलीतून बाहेर पडताना आक्कांनी पाहिला. आत खिळा रिकामा, कुलूप शाबूत. मास्तर परत आल्यावर त्यांनी विचारले तर मास्तर म्हणाले, "असेल कुठंतरी." आक्कांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मास्तरांनी बहिणीला खरे सांगितले नाही, आणि मी त्यांना शपथच घातली होती. आक्कांनी दोन अधिक दोन केले, त्यांचे पाच झाले. बुधवारी सकाळी त्या इथे तक्रार देऊन गेल्या.

आज सकाळी साडेअकरा वाजता किल्लीवाल्याची बायको केंद्रात आली. म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांना पोलिसांनी नेलंय. मास्तरांच्या खोलीवर दर मंगळवारी, शुक्रवारी कुलूप दुरुस्तीला जातात म्हणे. अहो, एका कुलपाला चार महिने लागतात का?" भल्या माणसाच्या डोक्यावर आळ माझ्यामुळे आला होता. गप्प बसले असते तर मास्तरांची खोली वाचत होती, माझी नोकरी वाचत होती आणि हा बिचारा बाकावर बसून राहिला असता. मी खुर्चीवरून उठले, घरी गेले, पातेले रिकामे केले आणि इथे आले. येताना रस्त्यात रडले. तेही सांगून टाकते.

दाराजवळच्या बाकावरच किल्लीवाला भेटला. मी म्हणाले, "अरे, तू काही बोलत का नाहीस?" तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, मी शिकतोय. ट्रम्पेट. लग्नाला पंचवीस वर्षं होतात पुढच्या महिन्यात. हिच्या खिडकीखाली वाजवायचंय. पोलिसांना सांगितलं असतं तर हिला कळलं असतं." हा भाग वाचून दाखवताना आवाज बारीक ठेवावा, त्याची बायको बाहेरच बसली आहे.

मी विचारले, "फुकट शिकवतात?" तो म्हणाला, "छे! मास्तर फी घेतात. बेकरीवाला येतो, शाळेचे दोन शिपाई येतात, आम्ही चौघं आहोत. चुकलं की छडी दाखवतात."

हे ऐकून मी तिथेच पायरीवर बसले. कारण आमच्या नियमातच पुढे लिहिले आहे की उपजीविकेचे साधन चैनीची वस्तू धरू नये, आणि किरकोळ कमाईही चालते. म्हणजे ट्रम्पेट खिळ्यावरच राहिला असता तरी चालले असते! विचारल्यावरून सांगते की, हे मला आधी का कळले नाही, तर मी अर्जाचे पहिले पान अर्जदाराच्या घरी जायच्या आधी बसमध्येच भरते. वेळ वाचतो. मास्तरांचे वय एकाहत्तर दिसले आणि व्यवसायापुढे मी निवृत्त लिहिले. त्यांना विचारले नाही. सहा महिने त्यांच्याकडे जाते, त्यांच्यासाठी खोटे बोलले, चोरी अंगावर घेतली, पण तुम्ही काय करता हो, एवढे विचारायचे राहिले. त्यांनीही सांगितले नाही. मागाहून इथे आल्यावर म्हणाले, "तुम्ही लिहून आणलं होतं, ताई. छापल्यासारखं अक्षर. म्हटलं सरकारनेच ठरवलं असेल."

यानंतर मास्तर व आक्का यांना बोलावण्यात आले. आक्कांनी ट्रम्पेट ओळखला. त्यावरचा पोचा लहानपणी त्यांनीच भांडणात पाडला आहे. मग त्यांनी मास्तरांना, मला आणि किल्लीवाल्याला ओळीने रागावून घेतले आणि किल्लीवाल्याची माफी मागितली. मोठे साहेब म्हणाले की ओळख पक्की करायला मास्तरांनी वाजवून दाखवावे. मास्तरांनी उभे राहून, बंडीची बटणे लावून वाजवले. फोन वाजत होता, तो कोणी उचलला नाही. किल्लीवाला बाकावर बसून बोटे हलवत होता, ते त्याच्या बायकोने पाहिले. आता तिला काय कळले असेल ते असो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ट्रम्पेट मी लपवला, तपासनीसांना फसवले, ही चूक माझी एकटीची. याच जबाबाची प्रत मी उद्या सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. फेरतपासणी मीच मागणार. त्या वेळी ट्रम्पेट खिळ्यावर असेल. मला काय शिक्षा होईल ते माहीत नाही, पण आज रात्री झोप लागेल.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला गेला. हवालदारसाहेबांनी मोठ्याने आणि एके ठिकाणी बारीक आवाजात वाचून दाखवला. तो खरा आहे, फक्त एक दुरुस्ती आहे. मास्तरांच्या वयापुढे निवृत्त हा शब्द माझ्याच तोंडून पुन्हा गेला. वाचन चालू असताना मास्तरांनी बाकावरून हरकत घेतली. तो शब्द खोडून तिथे "ट्रम्पेट वाजवतात व शिकवतात" असे लिहिले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. या वेळी मास्तरांना विचारून लिहिले.