कांदेपोहे आणि रक्ताभिसरणाची गोळी

अरे, माझं लग्न एका गोळीने जमवलंय! मरोळच्या ऑफिसात एसीमुळे माझी बोटं पांढरीफटक पडायची, म्हणून डॉक्टरने रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी दिली. घेतली की तासाभरात चेहरा टोमॅटोसारखा लाल. मी शहाणा, तीच घेऊन मुलुंडला मुलगी बघायला गेलो. पोहे येईपर्यंत कानसुद्धा तापले. मुलीचे बाबा माझ्या तोंडाचा वास घ्यायला जवळ सरकले. म्हटलं, वाट लागली! तेवढ्यात तिची आई म्हणाली, "अहो, किती लाजतोय बिचारा! हल्ली असली मुलं मिळतात कुठे?"

गॅलरीत मुलीला खरं सांगून टाकलं. ती हसून म्हणाली, "आईला सांगू नका हं."

आजही सासरी निघताना बायको दारातच विचारते, "लाजायची गोळी घेतलीस ना?"