दुसरी बाटली

मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे म्हातारा गवंडी नंबर लावून बसला होता. शेजारी ओतकामाच्या भट्टीवरचा एक कामगार आणि त्याची बायको बसली होती.

“आत जा की. रिकामी बाटली धरून काय बसलाय?” बायको नवऱ्याला म्हणाली.

“एकदा घरून आणून दिली होती ना? रिपोर्ट चांगला आलाय.”

“भट्टीपुढं राबणाऱ्यांचं बीज धगीनं कमी होतं का, यावर डॉक्टरांचं संशोधन चाललंय. त्यांना दुसरा नमुना हवाय, तोही इथंच दिलेला. मूल का होत नाही म्हणून उद्या माझ्या पोटात दुर्बीण घालणार आहेत. मी कुरकुर केली का?”

“अगं, हळू बोल. ती पहिली बाटली माझी नव्हती.”

“मग कोणाची?”

“धाकट्या भावाची. त्याला दोन पोरं आहेत. माझ्यात काही निघालं असतं, तर घरात तोंड कसं दाखवलं असतं?”

“आणि माझं तोंड? सासूबाई मला वांझ म्हणाल्या, तेव्हा तुम्ही शेजारीच जेवत होता.”

“चुकलंच माझं.”

“ते डॉक्टरांना सांगा. मग बाटली भरा. उद्या मी काही टेबलावर झोपणार नाही.”

नर्सने गवंड्याचा नंबर पुकारला. त्याची लघवी सकाळपासून अडत होती. तरी तो उठला नाही.

“ताई, आधी या दोघांना आत सोडा. माझं अडलेलंच आहे, आणखी थोडं अडेल.”