नेटची पाळी

आमच्या तात्यांनी माझं कॉलेज कसं बुडवलं, ऐका. घाटनांदूरला एका अंगणात तीन भावांची तीन घरं: थोरले तात्या, मधले माझे वडील, धाकटे काका. प्रत्येक घरात कॉम्प्युटर, पण ब्रॉडबँड एकच. पत्र्यांवरून वायरी मीच ओढल्या. नेटचा डबा मात्र थोरले म्हणून तात्यांच्या घरात. त्यांनी विहिरीच्या पाण्यासारखी नेटची पाळी लावली. ज्याची पाळी त्याची वायर डब्यात, बाकीच्या दोन उपटलेल्या. तिघांना एकदम चालतंय, हे सांगून मी थकलो. पण थोरल्यांना आपलं चुकतंय हे कधी पटलंय?

परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, दुपारी दोनपर्यंत मुदत. अर्धा फॉर्म भरला आन् नेट गेलं. पळत गेलो.

"तात्या, वायर लावा! फॉर्म भरायलोय!"

"बारा वाजले. आता धाकट्याची पाळी हाय."

"काकाचं सगळं घर लग्नाला गेलंय. दाराला कुलूप हाय!"

"मग त्याची पाळी वाया जाईल. आपण काहून घुसायचं बे?"

एसटी मिळून अंबाजोगाईच्या नेट कॅफेत पोचेपर्यंत मुदत संपली. वर्ष गेलं, मग कॉलेजही सुटलं. तरी पाळी बदलताना पत्र्यावरून मारलेल्या "आलं का?", "आलं, आलं!" अशा आरोळ्या अजून आठवतात.

धाकटे काका बीडला राहायला गेले, त्याला लई वर्षं झाली. परवा तात्या मोबाइल घेऊन आले.

"नेट संपलंय. तुझं दे की जरा."

"आज तुमची पाळी न्हाई."

तात्यांनी काकाच्या दारावरच्या गंजलेल्या कुलपाकडं बघितलं.

"मग कुणाची हाय बे?"

मी हॉटस्पॉट चालू केला.