आत्या अशी हाक मारल्याबाबत

आधी आला तो धाकटा. थोरला गाडीत होता आणि धाकटा पुढे चालत हात हलवत त्याला आमच्या गॅरेजात घेत होता, आणि गाडीचा धूर असा की टायरवाल्याने सुद्धा दुकानातून डोकं बाहेर काढलं, जो एरवी आग लागली तरी काढत नाही. आधी नाव-गाव सांगा म्हणतात ठाण्यातले साहेब. बरं, आधी ते.

नाव : मला सगळे जिजी म्हणतात. खरं नाव कार्डावर आहे ते लिहा, त्या नावाने हाक मारलीत तर मी मागे वळूनही बघणार नाही. वय : बहात्तर. कार्डावर अडुसष्ट आहे, ते कार्डवाल्याने माझ्या तोंडाकडे बघून ठोकून दिलेलं. बहात्तर हे मला परवाच कळलं, कसं ते पुढे येईल. धंदा : घरकाम, शिवाय मुलाच्या गॅरेजचा चहा. शिक्षण : दुसरी, तीही अर्धी. राहणार : मुलाच्या डिझेल गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या.

समक्ष हजर राहून सांगते की, मंगळवारी सकाळी मी गॅरेजच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. माझा डावा कान कामातून गेलेला आहे, उजवा चांगला आहे. चांगल्या कानाने मी ऐकलं, धाकटा म्हणाला, "आत्या! आत्या!" साहेब, मला रस्त्यावरचे लोक आजी म्हणतात, मावशी म्हणतात, तो गॅसवाला तर 'ओ म्हातारे' म्हणतो. आत्या कोण म्हणणार? भावाची पोरं असतील तीच ना? आणि मला भाऊ एकच, दादा. माझा मुलगा रांगत होता तेव्हा दादा घरातून निघून गेला, त्यानंतर चिठ्ठी नाही की निरोप नाही.

मी लसूण टाकून उठले आणि म्हणाले, "दादाचा ना रे तू?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो." मी म्हटलं, "आणि गाडीतला तुझा थोरला भाऊ?" तो म्हणाला, "हो, आत्या." नाक अगदी आमच्याच घराण्यातलं. मी दोघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत नेऊन बसवलं. थोरला कमी बोलायचा. दादाही कमीच बोलायचा.

गाडीबद्दल विचारतात म्हणून सांगते. डिझेलची राखाडी मोटार. चढावर दम सोडायची, मागून निळा धूर आणि पुढून शिट्टी, कुकरची असते तशी नव्हे, बारीक, दात शिवशिवतील अशी. मुलाने आधी हवेची जाळी काढून झटकली. मग रबरी नळ्यांना कुठे चीर आहे का ते साबणाचं पाणी लावून बघितलं. मग एक जाड नळी काढली तर आत तेलच तेल. तेव्हा म्हणाला, "टर्बो गेला." मी धाकट्याला समजावून सांगितलं की टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी समज, इंजिनाच्या धुराने एक चाक फिरतं आणि ते चाक इंजिनात हवा फुंकतं. एवढ्या वर्षांत मलाही कळायला लागलंय. मुलाने बोट घालून चाक हलवलं, तर दात हलावा तसं वरखाली हललं, आणि पाती कुरतडल्यासारखी.

मुलगा म्हणाला, नुसता नवा टर्बो बसवून उपयोग नाही, हा मेला कशाने ते आधी बघू. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी काढली, ती जळक्या काजळीने बुजलेली. तेलाविना तडफडून गेला बिचारा. नवा बसवला असता तर तोही आठवड्यात गेला असता. म्हणून नळी बदलली, तेल बदललं, नव्यात हाताने तेल ओतलं आणि गाडी चालू न करता नुसतीच घरघर फिरवली, तेल चढावं म्हणून. या सगळ्याला गुरुवार उजाडला. मला तर वाटत होतं अजून एखादा पाना हरवावा.

कारण घर भरलं होतं, साहेब. मी जेवायला वाढत होते आणि विचारत होते. दादा आहे ना रे? धाकटा ताटाकडे बघून म्हणाला, "आहेत. गुडघे दुखतात." गुडघे! आमच्यात सगळ्यांचे गुडघेच जातात. मी विचारलं, माझ्याबद्दल कधी बोलतो का? म्हणाला, "नेहमी." माझं वय दादाला पाठ होतं, आईने त्यालाच सांगितलं होतं. तेही विचारलं. त्याने थोरल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बहात्तर सांगितलं होतं, आत्या." म्हणून वर बहात्तर लिहिलंय, ते खोडू नका.

गाडीचे कागद मुलाने बघितले का, असं साहेब विचारतात. बुधवारी जेवताना मुलगा हळूच म्हणाला होता, "आई, गाडीची नंबरपाटी जुनी दिसते आणि तिचे स्क्रू कोरे करकरीत आहेत, कागद बघायला हवेत." मीच त्याला झापलं. म्हटलं, मामाच्या पोरांकडे कागद मागतोस? लाज नाही वाटत? मुलगा माझा शब्द मोडत नाही. साहेब इथे लिहायचे थांबले आणि म्हणाले, "आजी, म्हणजे त्याला संशय आला होता." मी म्हटलं, आला होता, हुशारच आहे तो. पलीकडच्या बाकावरून मुलाने कपाळावर हात मारून घेतला, ते मी बघितलं. का ते मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी दुपारी गाडी चालू झाली. शिट्टी नाही, धूर नाही. थोरला पहिल्यांदाच हसला. जाताना धाकट्याने मागच्या सीटवरून एक काठी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "आत्या, बाबांनी पाठवलीय." मी ती घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्यामागे चालत गेले, आणि येताना टायरवाल्याला, गॅसवाल्याला, सगळ्यांना दाखवत आले.

शुक्रवारी तुम्ही लोक आलात, बरोबर त्या चष्मेवाल्या बाई, गाडी त्यांची म्हणे. त्या म्हणाल्या, गाडी चोरीला गेली तेव्हाच शिट्टी मारत होती, लांब जाणार नाही हे माहीत होतं, म्हणून एकेक डिझेल गॅरेज विचारत आलो. भंगारातल्या जुन्या टर्बोवरचा नंबर त्यांच्या कागदाशी जुळला. मुलाला तुमच्या गाडीत घातलं. मी म्हटलं, अहो गाडी चोरीची असेल, पोरं चोरीची नाहीत, त्यांना कोणीतरी फसवून विकली असणार.

आज इथे मुलगा मला म्हणाला, "आई, तो आत्या म्हणत नव्हता गं. गाडी आत घेत होता. 'आत या, आत या.' मी तिथेच उभा होतो." मी म्हटलं, एकदा 'आत या' म्हणाला असेल, मग दोन दिवस काय जेवताना पण 'आत या' म्हणत होता? मुलगा म्हणाला, "तू शिकवलंस त्याला." साहेब हसले. मग साहेब म्हणाले, "आजी, नातेवाईक आहेत म्हणालात तर मुलगा सामील धरला जाईल. ओळखत नाही म्हणा."

मी म्हटलं, असं कसं म्हणू? दादा जिवंत आहे.

तेवढ्यात त्या चष्मेवाल्या बाई आत आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. जवळ आल्या आणि काठीच्या मुठीखाली बोट ठेवलं. तिथे लाल नखरंगाचा ठिपका आहे. तो मी आधीच बघितला होता, मला वाटलं वहिनीने लावला असेल. बाई म्हणाल्या, "माझ्या बाबांची आहे. दवाखान्यात इतर काठ्यांत मिसळू नये म्हणून मी खूण केली होती." मी काठी दिली. बाई म्हणाल्या, "बसा, बसा, तुम्ही बसा."

साहेबांनी मला पाणी दिलं. मी ते प्यायले.

त्यानंतर सांगते की, सदर दोन्ही इसम माझे कोणी नाहीत. मी त्यांना ओळखत नाही. मुलगाही ओळखत नाही. वर जे आत्या-बित्या आलंय ते काढून टाका म्हटलं, तर साहेब म्हणतात, लिहिलेलं खोडता येत नाही, हे खाली जोडतो, दोन्ही वाचून वरचे साहेब ठरवतील. संशयाचं तरी काढा म्हटलं. तेही निघत नाही. मी विचारलं, मग मुलगा आज घरी येतोय का? साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मुलगा म्हणाला, "आई, जेवून घे तू. गॅरेजचं शटर नीट ओढ, डावीकडून अडकतं."

वरचं सगळं मला उजव्या कानाशी वाचून दाखवलं. माझ्याच तोंडचं आहे, कोणी पदरचं घातलेलं नाही. साहेबांनी विचारलं, वय कार्डाप्रमाणे अडुसष्ट, असंही खाली जोडू का? मी म्हटलं, राहू द्या. एक राहिलं होतं ते शेवटी लिहायला सांगितलं. निघताना धाकटा गाडीची काच खाली करून म्हणाला होता, बाबांना घेऊन येतो, आत्या. रविवारी. म्हणजे उद्या.