झोपवायचा, बंद करायचा नाही

— अहो, हात काढा आधी तिथून! ‘शट डाउन’ नाही म्हणजे नाही. बाहेरचा कॉम्प्युटर खुशाल बंद करा, म्हातारा झालाय, कोणी शिंकलं तरी अडखळतो — पण त्याच्या पडद्यावर चौकटीत दुसरा दिसतोय ना, त्याला फक्त झोपवायचं. जिथं होता तिथून उठतो. मी रोज तेच करते.

माहितीये हो, खोकी दोन नाहीत! आमच्या मुलीनंच बसवलंय हे. बाहेरचा होस्ट, म्हणजे यजमान — मेमरी त्याची, डिस्क त्याची. आतला गेस्ट, पाहुणा. त्याचं स्वतःचं काही नाही, यजमान देईल त्यात भागवायचं, आणि तोरा असा की जणू अख्खा वेगळा कॉम्प्युटर! प्रत्यक्षात काय, तर यजमानाच्या डिस्कवरच्या चार फाइली. मी म्हटलं, हा ऐतखाऊ पोसायचा कशाला? तर भरतकामाचं सॉफ्टवेअर जुनं, ते जुन्या विंडोजवरच चालतं, आणि जुनं विंडोज आहे पाहुण्याच्या पोटात. तो नसेल तर हे भरतकामाचं मशीन म्हणजे नुसता ठोकळा. गणवेशांचे खिसे सोमवारी द्यायचेत, त्यांची चिन्हं सगळी आतच.

मग उचला त्या फाइली, ठेवा तुम्ही आणलेल्या या नव्या कॉम्प्युटरवर! — काय? झोपलेला न्यायचा नाही? नव्याचा प्रोसेसर वेगळा, तिथं जागाच व्हायचा नाही? नीट बंद करूनच न्यायचा? झालं! घोडं तिथंच अडलं. अहो, बंद केला की उघडताना पासवर्ड मागतो तो!

मला कुठला ठाऊक? तिला ठाऊक. विचारा काय, विचारा? ती कामात असते. सकाळी — सकाळीही असते. संध्याकाळीही. माझ्या तोंडाकडे काय बघताय? बॅग उचलून तरातरा गेली ती, मग फोन तिनं करायचा की मी? असं काय बोलले होते मी? तुझ्यावाचून दुकान अडत नाही, एवढंच. भांडणात माणूस बोलतं काहीबाही, तिनं लगेच खरं मानायचं? आणि नाहीच अडलं! बघा, चाललंय ना? ते हंसाचं डिझाइन तिचं, अर्धवट — एक पंख भरलेला, एक नुसता आखलेला. तसंच उघडं ठेवलंय. मी बाजूच्या खिडकीत माझं काम करते, त्याला बोट लावत नाही.

काय म्हणालात? पासवर्ड उडवता येतो? तिला न विचारता? — आत्ता? पाच मिनिटांत?

नको.

नको म्हणते ना! सोमवार माझा मी बघीन. अहो, तो उडवलात तर तिला फोन करून मी विचारू काय?

गुंडाळा त्या वायरी. उद्या या, नाहीतर परवा या. दार ओढून घ्या जाताना.