पिकअपचं एव्हरेज

आमच्या गजूभाऊले गाडीचं एव्हरेज विचारू नका, भडकते तो. आभाळ आलं होतं अन् सोयाबीनची गंजी वावरात पडून होती, म्हणून आमी रिसोडहून भाड्याचं थ्रेशर त्याच्या डिझेल पिकअपले जोडून निघालो. थ्रेशरवाले शामराव मांगं हौद्यात बसले होते. गजूभाऊची रस्ताभर एकच कुरकुर, "शामराव, तुमचं थ्रेशर माया गाडीचं सारं डिझेल पेऊन राह्यलं!"



जऊळक्याच्या टपरीवर चाय घेऊन निघालो, तं गाडी वाऱ्यावानी पळाली. गजूभाऊ खुश. "पाय, इंजिन गरम झालं की कसं खुलते!"

वावरात उतरलो, तं मांगं ना थ्रेशर, ना शामराव. घाबरून फोन लावला.

"थ्रेशरच्या हुकाची पिन म्याच काढली," शामराव टपरीवरून बोलले. "आता किती एव्हरेज देल्लं, भाऊ?"