कादंबरीच्या बदल्यात पियुष

सन्माननीय अध्यक्ष दमयंतीताई, व्यासपीठावरचे पाहुणे आणि कावासाकी संघाचे कर्णधार जयप्रकाशजी, सत्कारमूर्ती कादंबरी, आणि बूट बाहेर काढून सभागृहाच्या सपाता घालून बसलेल्या सुजनहो,

निरोप माणूस जाण्याआधी द्यायचा असतो, हे मला ठाऊक आहे. कादंबरी एप्रिलमध्ये गेली आणि आज सप्टेंबर आहे. पण हे सभागृह लॉटरीनं मिळतं, आणि लॉटरीला आमची घाई कोण सांगणार? दरम्यान ती आमच्याविरुद्ध एक सामनाही खेळली. त्याबद्दलही बोलणार आहे. जयप्रकाशजींनी पाणी पिऊन घ्यावं.

भूकंपानंतर टोकियोतल्या आपल्या निशी-कसाईतली बरीच कुटुंबं भारतात परतली. उरलेल्यांना एकमेकांची तोंडं बघायला काहीतरी निमित्त हवं होतं, म्हणून रविवारचा बास्केटबॉल सुरू झाला. मी, नीलकंठ, त्याचा कर्णधार झालो, कारण शिट्टी माझ्याकडे होती. पुढे पुण्याहून कादंबरी संशोधनासाठी आली आणि संघाला डावपेच मिळाला. चेंडू हाती आला की तिच्याकडे द्यायचा आणि मग बघत राहायचं. आमचा लक्ष्मीकांत तर टाळ्यांसाठी हात मोकळे हवेत म्हणून चेंडूच्या जवळही जात नसे. आम्ही आयटीतली माणसं. काम दुसऱ्याला देऊन त्याची प्रगती पाहत बसणं, याचाच तर आम्हाला पगार मिळतो. पाच वर्षांत आम्ही तीनदा जिंकलो आणि आम्ही जिंकलो असं घरी सांगितलंही.

मग कादंबरीची प्रयोगशाळा टोकियोबाहेर, कावासाकीला हलली. घरही तिकडेच मिळालं. एखाद्या साध्या माणसानं शुभेच्छा दिल्या असत्या. पण मी पडलो अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांच्या बातम्या वाचणारा. तिथे मोठा खेळाडू जातो तो बदल्यात दुसरा देऊन. मी जयप्रकाशजींना कळवलं, कादंबरी फुकट मिळणार नाही. त्यांनीही ताबडतोब मीटिंग लावली.

डोशाच्या साक्षीनं वाटाघाटी झाल्या. त्यांच्याकडचा पियुष आमच्या जवळच, ओजिमाला राहायला येत होता. उंची अशी की आमच्या घरातला दिवा तो खुर्चीशिवाय बदलेल. मी म्हटलं, कादंबरीच्या बदल्यात पियुष. हात मिळवले. कादंबरी त्याच टेबलावर बसली होती. तिनं सांबार संपवलं आणि मला विचारलं, “नीलकंठदादा, सामान मी माझं बांधू, की तेही तुम्हीच दोघं ठरवणार?”

आम्ही हसलो. व्यवहार चोख झाला होता ना!

आठवड्यानं मी पियुषचं नाव द्यायला, आम्ही खेळतो त्या सरकारी जिमच्या कार्यालयात गेलो. तिथला नियम असा, की गटात वॉर्डातले किमान दहा रहिवासी हवेत. ते नसतील तर रविवारची वेळ जाते. कादंबरी गेल्यावर आम्ही नऊ उरलो होतो आणि पियुष दहावा होता. खिडकीतल्या ताकेदा-सान यांनी पत्ता वाचला, अतिशय नम्रपणे नकाशा काढला आणि नदीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. निशी-कसाई नदीच्या अलीकडे, ओजिमा पलीकडे. वॉर्ड वेगळा. पियुष खेळू शकत होता, पण दहांत धरता येत नव्हता. इतकी वर्षं ती नदी मी ट्रेनमधून ओलांडतोय, फोनमध्ये तोंड घालून.

म्हणजे आम्ही आमची सर्वोत्तम खेळाडू दिली आणि बदल्यात घेतला चुकीच्या काठावरचा माणूस. महिनाअखेरीपर्यंत दहावा मिळाला नाही, तर संघच बंद होणार होता. त्या रात्री जेवताना मी नावं आठवत बसलो. एकाची पाठ दुखते, एकाची बायको नाही म्हणते. वाढता वाढता सुनीता, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, “अहो, मीही याच वॉर्डात राहते. तुमच्या लक्षात असेलच.”

पाच वर्षं ती कोपऱ्यात बसून गुणफलक उलटत होती. दहावं नाव मी तिचं दिलं. मला वाटलं, नावापुरती येईल. त्यानंतर दर शनिवारी ती कढीपत्ता आणायला जाऊ लागली आणि घामाघूम होऊन परतू लागली. मला वाटलं, दुकानात गर्दी असेल. खरं तर कादंबरी कावासाकीहून ट्रेन बदलत यायची आणि बागेतल्या बास्केटखाली तिला शिकवायची. कर्णधाराला कळवायची गरज दोघींनाही वाटली नाही.

आता तो सामना. जुलैची दुपार, आम्ही एका गुणानं पुढे, शेवटचे काही क्षण, आणि चेंडू कादंबरीकडे. तिचे नवे चार सहकारी काय करत होते? बघत होते. तीन महिन्यांत जयप्रकाशजींनी आमचा सगळा डावपेच आत्मसात केला होता. आणि आमचे चौघं? आम्हीही बघत होतो, सवयीनं. लक्ष्मीकांतनं तर विरुद्ध संघासाठी टाळी वाजवली. मैदानावर माणसं दहा होती आणि खेळत होत्या दोघी. सुनीता धावत गेली आणि दोन्ही हात उंचावून कादंबरीसमोर उभी राहिली, तिनंच शिकवलं होतं तशी. कादंबरी डावीकडे वळली, सुनीता डावीकडे. उजवीकडे, तर तिकडेही सुनीता. पास द्यायला कादंबरीनं मान वळवली, तर कुणी जागचं हललेलं नाही. शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो. कादंबरीनं आधी सुनीताला मिठी मारली आणि मग दोन्ही संघांना उभ्या उभ्या सुनावलं, “बघायचंच असेल तर तिकीट काढून बसा.”

तेव्हापासून पियुष धावतो, मी धावतो, लक्ष्मीकांतही चालतो. कावासाकीतही पळापळ आहे असं ऐकतो. पुढच्या वर्षी दोन्ही संघ पाहण्यासारखे होतील, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मघाशी व्यासपीठावर जयप्रकाशजी माझ्या कानात कुजबुजले, सुनीतावहिनींच्या बदल्यात दोघं देतो. या वेळी मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “कावासाकीत कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा, हे नव्यानं पाठ करायला मला वेळ नाही.”

दमयंतीताईंचे, पाहुण्यांचे आणि आपले मनापासून आभार. बोलताना कुणाला कोपर लागलं असेल तर फाउल माझा धरावा आणि उदार मनानं पुन्हा खेळू द्यावं. आणि कादंबरी, तू शनिवारी येत जा. कढीपत्ता घरात पुष्कळ झालाय, पण सुनीताला अजून डाव्या हातानं चेंडू टाकायला शिकायचंय. आणि तिच्यामागे, तुझी हरकत नसेल तर, मलाही.